सात घंट्यांचे मामाजी

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही तळ्याची आमच्या मामेसासऱ्यांच्या परवानगीवाचून लेकरांच्या गुडघ्यांवर चढण्याची प्राज्ञा नाही. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाणी त्यांना वचकून असतं.

गोरेगावजवळ धानाची शेती करणारा हा माणूस. घरची सहल बोदलकशाच्या तळ्यावर निघाली की बाकीचे पुऱ्या बांधतात, मामाजी पिशवीत बैलांच्या घंट्या भरतात. तळ्याशी उतरल्यावर लेकरांची रांग लावून प्रत्येकाच्या दंडाला एकेक घंटी बांधायची. तोवर पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग स्वतः काठावरच्या दगडावर बसायचं, पाण्यात पाय सोडून. लेकरं बाहेर येईस्तोवर मामाजी जेवत नाहीत, कारण जेवणाऱ्याचे डोळे ताटात असतात. फोन घेत नाहीत. कुणी गप्पा मारायला गेलंच तर "चूप राहा जी, आयकू द्या," एवढंच. घंट्या सात, आवाज सात. गुरं चारता चारता तयार झालेला तो कान पाठ फिरवूनही सांगणार, कोणतं लेकरू कुठे आहे ते. मी एकदा परीक्षा घेतली, दोन भाच्यांच्या घंट्या गुपचूप बदलल्या. मान न वळवता मामाजी म्हणाले की जवाईबापूंनी आपलं वय पाहून वागावं.

तरी मी हसायचोच. ही पोरं आहेत की गुरं, असं चारचौघांत विचारायचो.

अशाच एका सहलीत मी पाण्यात उभा होतो आणि माझी पाच वर्षांची लेक माझ्यापासून दोन हातांवर खेळत होती. मी काठाकडे तोंड करून तिथल्या सगळ्यांचा फोटो काढत होतो, हसा हसा म्हणत होतो. एकाएकी मामाजी उठले ते धोतरानिशी थेट माझ्या पाठीमागे पाण्यात. उन्हाळ्यात कुणी माती काढून नेल्यानं झालेला खड्डा होता तिथे. वरून पाणी सगळीकडे सारखंच. ना किंकाळी, ना धडपड. एक घंटी तेवढी थांबली होती. त्यांनी तिला वर काढलं. ती खोकली, रडली, घंटी वाजली.

"बुडतं पोट्टं आवाज नाही देत, जवाईबापू," एवढं बोलून ते पुन्हा दगडावर जाऊन बसले. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात सगळे हसताहेत.

लेक आता कॉलेजात जाते. रांगेत नवी लेकरं आली. यंदा नवेगाव बांधच्या तळ्यावर गेलो, तर मामाजींना ऐकू येईनासं झालेलं. घंट्या मात्र त्यांनीच बांधल्या, प्रत्येक गाठ दोनदा ओढून. मग पाण्यात पाय सोडून बसले. शेजारी मी. मेहुण्यानं पुऱ्या आणल्या, मी न बघताच हात हलवला. बऱ्याच वेळानं मामाजींनी माझा गुडघा दाबला आणि भुवया उंचावल्या. काय विचारायचंय ते मला कळलं. काठावरचे सगळे वळून बघतील एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्या कानाशी ओरडलो,

"वाजून राहिल्या, मामाजी! सातही वाजून राहिल्या!"