पानाचं चित्र असलेला डबा

लेबल वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दुबईत, अल क्वोजमध्ये, खाद्यपदार्थ आयात करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात मी बसते आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक बिस्किटाच्या, सॉसच्या, पावाच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचते. इथे चालणार नाही असं काही त्यात सापडलं, की माल परत. घरीही माझं तेच. माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी आहे आणि त्यावरून माझी मुलगी मैत्रिणींसमोर माझी यथेच्छ टिंगल करते.

माझ्या सासूबाई नेमक्या उलट. कुठलीही बाटली घरात आली की त्या आधी ती गरम पाण्यात बुडवतात, नखाने लेबल सोलतात, राहिलेला चिकटा तेल लावून घासतात आणि मग आता कुठे ती माणसात आली अशा नजरेने तिच्याकडे बघतात. आत काय भरलंय ते लक्षात ठेवायची त्यांची रीत वेगळी आहे. नावाशी त्यांना कर्तव्य नाही, गुणाशी आहे. "ते पोटाचं दे." "घशाचं कुठं ठेवलंस?" पुण्याला त्यांच्या घरी मी एकदा घशाचं समजून पोटाचं घेतलं होतं. घसा होता तसाच राहिला आणि पुढचा सबंध दिवस मी घराबाहेर पडू शकले नाही.

तर या आमच्या आई गेल्या वर्षी धाकट्या दिराकडे टोरांटोला सहा महिने राहून आल्या. तिथे गांजा कायद्याने विकत मिळतो, चांगल्या उजेडाच्या दुकानात, मोबाईल घ्यावा तसा. आईंचे गुडघे दुखतात, झोपही कमी, म्हणून दीर त्यांना एका शनिवारी अशा दुकानात घेऊन गेला आणि आत शिरल्या शिरल्या त्याने आम्हाला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळचा चहा पीत होतो. स्क्रीनवर काचेचं कपाट, त्यात हारीने मांडलेले डबे, आणि मध्ये कानटोपी घातलेल्या आई.

माझ्या नवऱ्याने कप खाली ठेवला आणि उठून बाल्कनीचं दार लावून घेतलं. "अगं, आवाज कमी कर. इथे हा विषयच डेंजर आहे," तो म्हणाला.

"बाबा, दे आर इन कॅनडा," मुलगी म्हणाली.

"आपण नाही आहोत ना."

त्या सबंध कॉलभर तो त्या पदार्थाला 'भाजी' म्हणत होता. मी मात्र लेबल दिसल्यावर गप्प बसणाऱ्यातली नाही. दीर दुकानातल्या मुलीचं बोलणं मराठीत सांगत होता. इंडिका लिहिलेलं संध्याकाळचं, अंग सैल पडतं. सटायवा लिहिलेलं दिवसाचं, तरतरी येते. हायब्रिड म्हणजे दोन्हींची मिसळ. शिवाय एकेका जातीची नावं अशी, की आइस्क्रीमच्या दुकानात आल्यासारखं वाटावं.

"हे झालं पुढचं. डबा उलटा कर," मी म्हटलं. "मागे काय छापलंय?"

त्याने डबा उलटा केला. मागे टीएचसी किती, सीबीडी किती, असे आकडे होते. "वहिनी, टीएचसी म्हणजे जे डोक्यात चढतं ते. सीबीडी चढत नाही."

"मग तिला विचार, एकाच नावाचे दोन डबे असले आणि आकडे वेगळे असले, तर काय धरायचं? नाव की आकडा?"

दुकानातली ती मुलगी हसली. बहुतेक तिला असं कुणी विचारत नसावं. तिने सांगितलं ते असं, की इंडिका आणि सटायवा ही मुळात झाडाच्या ठेवणीवरून पडलेली नावं, एक बुटकं नि झुडपासारखं, दुसरं उंच. आता इतकी कलमं झाली आहेत की नावावरून परिणामाची खात्री कुणी देऊ नये. आकडे बघावेत, वास बघावा, अगदी थोड्यापासून सुरुवात करावी, आणि तरीही एकाला झोप आणणारं दुसऱ्याला टक्क जागं ठेवू शकतं.

हे ऐकून मला फार बरं वाटलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत थाप आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत खरं, हे माझ्या ओळखीचं होतं.

आईंनी एवढं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग दिराला सांगितलं, "तिला म्हणावं, मला झोपेचं दे. पण असं दे, की रात्री विचार थांबले पाहिजेत आणि सकाळी वेळेवर ऑफिसला जाता आलं पाहिजे."

आम्ही इकडे खो खो हसलो. "आई, तुम्हाला कुठलं ऑफिस?" मी म्हटलं. मुलीने तर 'आजीज ऑफिस' असा कुटुंबाच्या ग्रुपवर विनोदही टाकला. आईंनी एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं आणि त्या पुन्हा डब्यांकडे वळल्या.

त्यांनी झोपेच्या जेलीच्या गोळ्यांचे दोन डबे घेतले. पहिल्या संध्याकाळी अर्धी गोळी खाऊन बघितली. दीर सांगतो, त्यानंतर आईंनी त्याच्या स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावली, आणि लावता लावता पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नात कुणी कुणाला कसली साडी दिली ते सविस्तर सांगितलं. डब्यावर चंद्राचं चित्र होतं. "दुकानातल्या त्या मुलीचं बरोबर होतं," आई दुसऱ्या दिवशी फोनवर मला म्हणाल्या. "हे काही झोपेचं नाही. हे आवराआवरीचं आहे."

तेव्हा मीच नीट झोपत नव्हते. ऑफिसातली निम्मी माणसं कमी केली होती आणि राहिलेल्यांत माझा नंबर कधी लागेल या धाकात मी छताकडे बघत पडायची. नोकरी गेली तर व्हिसा, मुलीची फी, सगळंच ओघाने आलं. आईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. "कसं चाललंय?" असं त्यांनी विचारलं की "मजेत" म्हणायचं, हा आमच्या घरातला नियम आहे.

पुण्याला परत जाताना आई आमच्याकडे महिनाभर राहणार होत्या. त्यांचं विमान टोरांटोहून सुटलं आणि दिराचा फोन आला. आवाज उतरलेला.

"वहिनी, मी आईला शंभरदा सांगितलं होतं, ते डबे इथेच ठेव. आता कपाटात बघतोय तर दोन्ही डबे नाहीत. गोळ्याही नाहीत."

मी खुर्चीत बसले. दुबईत राहणाऱ्या माणसाला यापुढचं समजावून सांगावं लागत नाही. सत्तरी ओलांडलेली, तोडकंमोडकं हिंदी बोलणारी बाई, बॅगेत हिरव्या पानाचं चित्र छापलेले डबे, आणि समोर कस्टमचा अधिकारी. नवरा घरात येरझारा घालायला लागला. वकील कुणाच्या ओळखीचा आहे, भारतीय दूतावासाचा नंबर काय, एवढंच तो आलटून पालटून विचारत होता. विमानात बसलेल्या माणसाला निरोप देता येत नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं.

विमानतळावर आम्ही वेळेच्या बरेच आधी जाऊन उभे राहिलो. विमान उतरलं. माणसं येत गेली, फुगे घेतलेली पोरं आपापल्या आज्यांना मिठ्या मारत निघून गेली, आणि आई काही येईनात. मी खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मी त्यांची सगळी सोललेली लेबलं माफ करून टाकली.

मग दार सरकलं आणि आई आल्या. व्हीलचेअरवर, कानटोपी घातलेल्या, मांडीवर पर्स.

"किती वेळ लावला आई," नवरा म्हणाला.

"अरे, व्हीलचेअरवाला यायला वेळ लागला. फार गुणी मुलगा. 'यल्ला मम्मा, यल्ला मम्मा', म्हणजे चला चला, करत आणलं मला." मग थोड्या नाराजीने म्हणाल्या, "बॅग कुणी उघडलीच नाही. मी एवढी नीट लावली होती."

घरी पोचल्यावर मी चहासुद्धा ठेवला नाही, आधी बॅग उघडली. दोन्ही डबे वरच होते, पान आणि चंद्रासकट. पहिला उघडला, त्यात ओवा. दुसऱ्यात बडीशेप.

"गोळ्या कुठायत?" मी विचारलं.

"त्या? टाकल्या की, तिथेच संडासात. धाकटा सांगत होता ना, दुबईत चालत नाहीत म्हणून. मला काय कळत नाही?" आई म्हणाल्या. "पण डबे का टाकू? झाकण बघ किती घट्ट आहे. ते चित्र मी घासून घासून बघितलं, निघतच नाही. पत्र्यावरच छापलंय मेल्यांनी."

नवरा सोफ्यावर आडवा झाला आणि हसत सुटला. मुलगी म्हणाली, "आजी, यू आर अ लेजंड." डबे तसे घरात ठेवणं बरं नव्हतं, म्हणून नवऱ्याने ते तेव्हाच ठेचून चपटे केले. आईंना इतकं वाईट वाटलं, की घर विकल्यासारखं तोंड करून त्या बघत होत्या.

आणि आता सगळं निभावलं असं वाटत असतानाच त्यांनी साडीच्या घडीतून एक काचेची बरणी काढली. लेबल सोललेली, लखलखीत. आत बारीक पांढरे दाणे, रव्यापेक्षा गोल.

"हे तुझ्यासाठी," त्या मला म्हणाल्या.

मला बरणी उघडावीही लागली नाही. आदल्याच आठवड्यात हेच दाणे वर भुरभुरलेल्या पावांची अख्खी खेप मी परत पाठवली होती. ती खसखस होती. आपल्याकडे अनारशावर लावतो ती साधी खसखस, आणि इथल्या कायद्यात अफूच्या झाडाचं बी म्हणून सक्त मनाई असलेली.

"रवा का?" नवऱ्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं. बरणी घेऊन मी थेट बाथरूममध्ये गेले, सगळी खसखस कमोडमध्ये ओतली, पाणी सोडलं, बरणी धुतली, पुन्हा धुतली, आणि रागाने लालबुंद होऊन बाहेर आले. "आई, अहो, गोळ्या कळल्या आणि हे नाही कळलं? यासाठी तुम्हाला आत टाकलं असतं. आपली भाजी वेगळी आणि त्या दुकानातली भाजी वेगळी, असं नसतं इथे."

आई घाबरल्या होत्या. त्यांना मी तसं कधी बघितलं नव्हतं. पदराने हात पुसत म्हणाल्या, "खसखशीला कोण काय म्हणणार, असं वाटलं गं मला. बदामाबरोबर वाटून दुधातून देणार होते तुला. तुझा आवाज झोपलेल्या माणसाचा नाही लागत फोनवर. कधीपासून नाही लागत. म्हणून तर त्या दुकानात विचारलं. आधी ती गोळी स्वतः खाऊन बघितली, म्हटलं हिला काही भलतंच व्हायला नको. ती तर इकडे आणता येत नाही असं धाकटा म्हणाला, मग म्हटलं आपलं घरचं न्यावं."

विचार थांबले पाहिजेत आणि सकाळी वेळेवर ऑफिसला जाता आलं पाहिजे. ते ऑफिस माझं होतं. मी त्यावर हसले होते.

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी रडायला लागले, चांगली हुंदके देऊन, मुलीसमोर. मग ऑफिसचं, व्हिसाचं, फीचं, सगळं सांगून टाकलं. आई ऐकत राहिल्या. त्यांनी नोकरीबद्दल काही सल्ला दिला नाही. मला जमिनीवर बसवलं, स्वतः सोफ्यावर बसल्या, माझं डोकं गुडघ्याला टेकवून घेतलं आणि खोबरेल तेल मागवलं. "तुमचा गुडघा दुखेल," मी म्हटलं.

"दुखू दे. तो तसाही दुखतोच," त्या म्हणाल्या, आणि टोरांटोच्या कपाटांची हकीकत पहिल्यापासून सांगायला लागल्या.

त्यातलं मला साड्यांपर्यंतचं आठवतं. पुढचं नवऱ्याने सांगितलं. मी तिथेच बसल्या बसल्या घोरायला लागले, जेवायला उठवलं तरी उठले नाही, आणि आई पाय अवघडला तरी हलल्या नाहीत. ती धुतलेली बरणी आता माझ्या फळीवर आहे, त्यांच्या ओव्याने भरलेली. माझ्या स्वयंपाकघरात चिठ्ठी नसलेली तेवढी एकच.