दोन दोर

मधुमतीचा जन्म लंडनमधल्या ईलिंगचा, नोकरी कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत पिढीजात धंद्यांच्या अभ्यासाची आणि हट्ट थेट आजोबांचा. आजोबा गावची मेलेली गुरं ओढायचे. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन घरी आले, ते आधी गुरं ओढायचा दोर अंगणात जाळला आणि मगच पाणी प्याले. आई गयाबाईनं ही गोष्ट मधुमतीला घासाघासाला भरवली होती. ‘बापजाद्यांचा धंदा’ हे शब्द त्या घरात शिवीच्या जागी होते.

२००७ साली उत्तर ध्रुवाकडच्या एका सरकारनं तिचं मत मागितलं. रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांना धंद्यात टिकायला मदत द्यावी, की धंदा सोडायला? बाईसाहेब तिकडे जाऊन राहून आल्या. एलेन नावाच्या सामी बाईनं तिला आपल्या तंबूत झोपवलं, पोटभर मटण खाऊ घातलं आणि धावत्या कळपातून कानावर स्वतःची खूण असलेलं पाडस दोराचा फास टाकून धरून दाखवलं. एलेन आनंदानं हसत होती. मधुमतीला मात्र दिसला तो फक्त तिच्या हातातला दोर.

परत येऊन तिनं ठणकावून लिहिलं: मदत शिक्षणाला द्या, शहरातल्या कामाला द्या, या लोकांना मोकळं करा. सरकारला हेच हवं होतं. त्या कुरणांखाली खनिज होतं, हे तिला नंतर कळलं.

मग एलेनचा फोन आला. ती रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. यापुढे मदत हवी तर कळप विकावा लागणार, एवढं सांगून तिनं विचारलं, हे तू लिहिलंस का. मधुमतीनं रिपोर्ट मागे घ्यायची धडपड केली, पण बाण सुटला होता. तुमचेच शब्द आम्ही सगळीकडे वापरतो आहोत, असं सरकारकडून गोड उत्तर आलं. आता विरोधात बोलावं तर स्वतःचंच नाव आडवं येणार, आणि गप्प बसावं तर एलेन डोळ्यांसमोरून हलत नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. पोरीची झोप उडाली.

शेवटी तिनं सगळं आईपुढे ओतलं. गयाबाई लसूण सोलत ऐकत होती.

“आजोबांनी दोर जाळला म्हणूनच मी इथे आहे ना, आई? मग मी राँग कशी?”

गयाबाईनं हातातली पाकळी खाली ठेवली.

“त्यांनी स्वतःचा जाळला, बाई. तू दुसरीचा जाळलास.”