आबांच्या पाठीमागे ओढलेली सिगार

माझा साडू दुबईत असतो. काही वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला तेव्हा घरादारासाठी खजूर आणि अत्तरं घेऊन आला, आणि बायकांचं लक्ष नाही असं पाहून मला एका बाजूला नेऊन त्यानं एक लाकडी पेटी हातात दिली. पेटीत वीस सिगारी होत्या. अंगठ्याएवढ्या जाड, तेलकट तपकिरी, प्रत्येकीच्या गळ्यात सोनेरी कागदाचा पट्टा. मी गुरांचा डॉक्टर, शहाद्यात राहतो. दिवसभर गोठ्यांमधून फिरून शेणाचा आणि फिनेलचा वास घेऊन घरी येतो. असं काही माझ्या हातात शोभतं का, हा प्रश्न मला पडला. साडूला पडला नाही. तो म्हणाला, चाळिशी ओलांडलीस, आता एखादा शौक हवा.

पहिली सिगार मी गच्चीवर सिगारेटसारखी ओढली, म्हणजे धूर थेट छातीत घेतला. तिसऱ्या झुरक्याला समोरची पाण्याची टाकी डोलायला लागली. बायको वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला वर आली आणि कुणाचा कडबा पेटला का म्हणून विचारू लागली. मी हो म्हटलं आणि खाली जाऊन दोन तास पडून राहिलो.

मग फोनवर व्हिडिओ पाहून शिकलो. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. मिनिटाला एखादाच झुरका. एक सिगार तासभर चालली पाहिजे, आणि ती एकट्यानं ओढायची गोष्टच नव्हे. समोर बोलायला माणूस हवा. मला माणूस शोधायचा होता, पण त्याआधी सिगारी वाचवायच्या होत्या. एप्रिल लागला होता. आमच्याकडच्या उन्हात दाराच्या चौकटी तडकतात, तिथं त्या पानांचा काय टिकाव? दोन सिगारी पेटीतच उकलल्या. लसी ज्यातून येतात तसलं एक टाकून दिलेलं थर्माकोलचं खोकं मी धुतलं, साबणदाणीत ओला स्पंज ठेवला आणि सगळ्या त्यात भरल्या. गाय दाखवायला आलेल्या एका शेतकऱ्यानं त्यात डोकावून पाहिलं आणि इतली मोठी गोळी कोन्ता जनावरले देतस, असं काळजीनं विचारलं. डॉक्टरला, मी म्हटलं.

स्पंज जास्त ओला झाला आणि दोन सिगारींवर बुरशी चढली. तेव्हा मी मिस्तरीकडे गेलो.

मिस्तरी म्हणजे गावातले फर्निचरचे कारागीर. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. त्यांचे वडीलही सुतारकाम करत, आजोबाही. त्यांच्या बकऱ्यांना मी औषध देतो आणि माझ्या घरातली एकूण एक खुर्ची त्यांच्या हातची आहे. उरलेल्या सिगारी परत साडूच्या मूळ पेटीत भरून मी ती त्यांच्यापुढे ठेवली आणि ह्या टिकतील अशी पेटी करून द्या म्हटलं. त्यांनी सिगारींकडे पाहिलंच नाही. पेटीतली लाकडाची पातळ पट्टी उचलून नाकाशी धरली, नखानं खरवडली, परत हुंगली आणि म्हणाले, हे आपल्या तुणीच्या भावकीतलं लाकूड दिसतं. तूण हे झाड सातपुड्यात होतं. त्यांच्याकडे धडगावकडून कधीकाळी आलेल्या जुन्या दाराच्या तुणीच्या फळ्या पडून होत्या. पंधरा दिवसांत त्यांनी अशी पेटी केली की झाकण सोडलं की ते हळूच श्वास सोडल्यासारखं खाली बसायचं. मोबदला म्हणून काय देऊ विचारलं, तर ते म्हणाले, एक पाजून तर पाहा.

अशी आमची रविवारची बैठक सुरू झाली. सिगारी संपत आल्या की साडू येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर नवी पेटी धाडायचा. म्हसावदच्या आमच्या शेतात, पपईच्या बागेला लागून, विहिरीजवळ मोठा निंब आहे. त्याच्याखाली एक खाट आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. जेवण करून दोनच्या सुमारास आम्ही तिथं जायचो. सिगारीचं टोक मी कोऱ्या सर्जिकल ब्लेडनं कापायचो. पेटवण्यासाठी मिस्तरी रंधा मारताना निघालेली तुणीची पातळ ढलपी आणायचे; काडीपेटीच्या गंधकाचा वास सिगारीला लागू नये, हे त्यांना कुणी न सांगता सुचलं होतं. चव कशी लागते यावर आमचं कधी जमलं नाही. व्हिडिओतले लोक कॉफी, चॉकलेट, चामडं असलं काय काय सांगायचे. चामडं मला फक्त जनावराच्या अंगावरचं माहीत. मिस्तरींना सुरुवातीला जुन्या कपाटाचा खण उघडल्यासारखं वाटायचं, अर्ध्यात गुळाच्या कढईचं बूड, आणि शेवटी, खूप विचार करून, सासरा. म्हणजे कडक, पण मनानं वाईट नाही. रमजानच्या महिन्यात ते रोजे ठेवायचे, बैठक बंद राहायची, आणि मीही आपोआप सुधारायचो.

आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. पंचाहत्तरी उलटलेली, म्हसावदलाच राहतात. ते स्वतः बिडी ओढतात, दिवसाला मोजून चार. पण आमच्याकडे मुलगा बापासमोर ओढत नाही. मुलगा आजोबा झाला तरी नाही. दुपारी आबा झोपतात, त्या झोपेच्या भरवशावर आमचं सगळं चाललं होतं.

एका रविवारी त्यांना झोप लागली नाही. पपईच्या ओळीतून खोकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पांढरी टोपी दिसली. बिडी असती तर चपलेखाली गेली असती. ही सिगार नुकती पेटवलेली, वीतभर लांब. मी सत्तेचाळीस वर्षांचा, राजपत्रित अधिकारी. मी ती सरळ मिस्तरींच्या मोकळ्या हातात कोंबली आणि हात मांड्यांवर ठेवून बसलो.

आबा येऊन खाटेवर टेकले. मिस्तरींच्या दोन्ही हातांत दोन सिगारी, दोन्हींतून धूर निघतोय. आबांनी डाव्या हाताकडे पाहिलं, उजव्या हाताकडे पाहिलं.

"मिस्तरी, दोन्ही हातमा?"

"आबा, चव दखी ऱ्हायनू," मिस्तरी म्हणाले. "कोन्ती बरी शे ते."

आबांनी मान डोलावली आणि विहिरीच्या मोटारीचा विषय काढला. मोटार पाणी कमी खेचते, वायरमन येतो म्हणतो आणि येत नाही, पपईवर करपा आलाय. आबा सहसा पाच मिनिटांत उठतात. त्या दिवशी ते उठेनात. सिगार हातात नुसती धरून ठेवली तर विझते, आणि चव पाहणाऱ्याच्या हातात विझली तर शंका येते. म्हणून मिस्तरी एक झुरका डावीचा, एक झुरका उजवीचा असे घेत राहिले. मला वर पाहायचं धाडस होईना. अर्ध्या तासानं त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला आणि कपाळावर घाम आला. मी डॉक्टरच्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं; म्हैस असती तर सलाईन लावलं असतं.

शेवटी आबांनीच हात पुढे केला. मिस्तरींच्या डाव्या हातातली सिगार घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यापुढे धरली.

"हाई तुन्ही शे," ते म्हणाले. "धर. मिस्तरी मरी जाई."

मी घेतली नाही. कशी घेणार? आबांनी ती विहिरीच्या कठड्यावर ठेवली. मग ते उठले, त्यांनी खाटेचं एक टोक उचललं आणि खाट ओढत ओढत पार उलटी फिरवली. पपईकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून ते बसले. बंडीच्या खिशातून बिडी काढली आणि मागं न बघता म्हणाले, "मी पाठ फिराई लिधी. आते पे."

मिस्तरी निंबाच्या मागं जाऊन ओकून आले, तोंड धुऊन आले, आणि मग इतके हसले की खुर्चीचा पाय मातीत रुतला. मी कठड्यावरची सिगार उचलून ओढली. तिची चव कशी होती ते मला अजिबात आठवत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा खाट आधीच फिरवलेली होती आणि आबा पाठमोरे बसून होते. मग तो नियमच झाला. आम्ही त्यांच्या पाठीशी बोलायचो, ते पपईशी बोलायचे. सिगार द्यायला मिस्तरींनी एकदा हात लांबवला, आबांनी खांद्यावरून ती घेतली, दोन झुरके मारून तशीच खांद्यावरून परत दिली. इतला टाइम कोनाकडे शे, असं त्यांचं मत पडलं. बिडी दोन मिनिटांत माणसाला मोकळं करते, ही तासभर बांधून ठेवते. पण स्वतः तो तासभर त्यांनी कधी चुकवला नाही.

समोरासमोर माझं आणि आबांचं बोलणं म्हणजे बियाणं, पाऊस, कुणाचं लग्न. पाठमोरे आबा मात्र वेगळेच निघाले. आईला बघायला गेले तेव्हा चुकून तिच्या थोरल्या बहिणीला पसंत करून आले होते, आणि ते निस्तरायला आजोबांना पुन्हा आईच्या माहेरी, खापर गावापर्यंत जावं लागलं, हे मला अशाच एका दुपारी कळलं. आईला ते आजही माहीत नाही. मिस्तरींनी आणि मी ते न सांगण्याची शपथ घेतली आहे, ती मी इथं लिहून मोडतोय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मिस्तरी आणि मी कशावरून तरी हसत होतो. मध्येच आबांनी पपईकडे पाहत सांगितलं की मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना ते मला भेटायला आले होते. दोन एसट्या बदलून, आईनं दिलेला डिंकाच्या लाडूंचा डबा घेऊन. तो डबा मला आठवला. वॉचमननं दिला होता, तुझे वडील येऊन गेले, तू सापडला नाहीस म्हणून. मी तेव्हा खूप हळहळलो होतो.

मी सापडलो होतो. आबांनी मला कॉलेजच्या फाटकासमोरच्या टपरीवर पाहिलं होतं, पोरांबरोबर, हातात सिगारेट. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं आणि डबा वॉचमनकडे देऊन ते परतीच्या एसटीत बसले होते. म्हणजे माझ्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या लपवाछपवीत लपलेलं काहीच नव्हतं.

मिस्तरींनी सिगार खाली केली. मी विचारलं, "आबा, मंग मले बोलनात का नही?"

आबांनी बिडी झटकली. "चार पोरं व्हतात तुन्हासंगे," ते म्हणाले. "तू हसी ऱ्हायंता. घरमा तुले तसा हसता कधी दखा नव्हता. मी तठे उना असता ते तुन्हं हसनं बंद हुई जातं."

आबांच्या बंडीला पाठीवर एक ठिगळ होतं, आईनं वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं, त्याच्याकडे मी बघत राहिलो. सिगार विझून गेली. मिस्तरींनी ढलपी पेटवून माझ्यापुढे धरली, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

थोड्या वेळानं मी आबांना म्हटलं की आता कसला पडदा, खाट इकडे फिरवा, तोंड करून बसा. ते नको म्हणाले.

"आठून डुकरं दखातस," आबा म्हणाले. "पपईमा घुसतस."

दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळी रानडुकरं बाहेर पडत नाहीत, हे मला गुरांचा डॉक्टर म्हणून माहीत आहे आणि आबांना शेतकरी म्हणून. मिस्तरींनी आपली खुर्ची जरा पुढं ओढली आणि यंदा पपईला भाव काय मिळेल ते त्या पाठीला विचारलं.