वाकलेली चकती

इंग्लंडात वॉटफर्डजवळच्या आमच्या शूटिंग क्लबात मराठी दोघंच, मी आणि ते. मी त्यांना काका म्हणायचो. रिव्हॉल्वरच्या मॅचसाठी कमरेच्या पट्ट्यावर काडतुसं कशात अडकवावीत, हे त्यांनाच विचारलं. मला सहाही काडतुसं एकदम भरणारे रंगीत प्लास्टिकचे लोडर आवडले होते.

"लग्नाला चाललायस का? डोळे मिट, आणि हात ज्यात चुकत नाही ते घे."

सहा काडतुसं धरणाऱ्या पातळ पोलादी चकत्या माझ्या हाताला बसल्या.

काकांचा हात मात्र काडतुसं भरताना थरथरायचा. नेम कधी चुकला नाही. पण टीममधली शेवटची जागा त्यांची होती आणि मला ती हवी होती. मी सेक्रेटरीला काळजीच्या सुरात त्या थरथरीबद्दल सांगितलं. त्यांना वगळलं, मला घेतलं.

मॅचच्या सकाळी ते बघायला आले. माझ्या रिकाम्या चकत्या एकेक करून टेबलावर सपाट ठेवून त्यांनी तपासल्या.

"ही वाकलीय. ऐन वेळी अडकली असती." ती त्यांनी बाजूला काढली. मग खाली बघतच म्हणाले, "सेक्रेटरीला ज्याने कुणी सांगितलं ना, त्याला माझी काळजी असणार रे."

मी म्हणालो, "हो काका, असणारच."