टँजिअरच्या गाइडवरची फिर्याद

हे प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. विसरणार कसा? उलटतपासणी सासूबाईंची होती.

मी आठ वर्षं फौजदारी केली, मग राजीनामा दिला आणि बायकोच्या नोकरीमागे ब्राउनश्वाइगला आलो. बत्तिसाव्या वर्षी निवृत्त. पोलीस ठाण्यात माझी ओळख दोन कामांसाठी होती. जबाब स्वच्छ लिहिणं आणि साहेबांची हुबेहूब नक्कल करणं. दुसऱ्या कामापायी दोनदा बदली झाली.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही, आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंना घेऊन टँजिअरला गेलो. मोरोक्कोतलं जुनं बंदर. जर्मन बोलणाऱ्या गाइडबरोबर एक सकाळ पायी फिरलो. किल्ल्याचा दरवाजा, उतरत्या पायऱ्या, बाजाराची गल्ली, शेवटी धक्का. हॉटेलवर आलो तर सासूबाईंच्या उजव्या हातातली पाटली गायब. डावीकडची घट्ट, ती निघतच नाही. पायऱ्यांवर उजवा हात कोणी धरला होता? गाइडने. झालं. बायकोने टूर कंपनीला फोन करून टाकला.

जर्मनीत परतल्यावर कंपनीचं पत्र आलं. तक्रार शुक्रवार दुपारपर्यंत 'श्रिफ्टलिश' द्या, म्हणजे लेखी. तोवर गाइडला कामावरून बाजूला ठेवलंय. लेखी तक्रार पोचली की त्याची नोकरी गेली, हे उघड होतं.

शुक्रवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही फौजदार. चांगलं कडक लिहा."

"आई, आधी फिर्यादीचा जबाब. पाटली शेवटची कधी पाहिलीत?"

"हातातली वस्तू कोणी बघत बसतं का? तुम्ही रोज स्वतःचं नाक बघता?"

फिर्यादी चिडला की समजावं, खात्री त्यालाही नाही. मी चहा टाकायला उठलो. स्वयंपाकघरात बायकोने हळूच खबर दिली. "एसटीत गर्दी झाली की आई सोनं काढून कुठेतरी कोंबते. नंतर तिलाच आठवत नाही. पण मी सांगितलं असं सांगू नकोस हं."

खबऱ्यांचं हे शेवटचं वाक्य कुठल्याही देशात बदलत नाही.

सरळ विचारलं असतं तर सासूबाई "नाही" म्हणाल्या असत्या आणि त्यालाच चिकटून बसल्या असत्या. म्हणून मी घटनास्थळच घरात आणलं. सोफा किल्ला, पॅसेज गल्ली, बाल्कनी बंदर. त्यांच्या खांद्याला पर्स अडकवली आणि गाइड झालो. छातीवर हात, मान तिरकी, प्रत्येक 'र' खडखडवत. "मामा, लांगझाम, लांगझाम." सावकाश.

"अगदी तस्साच बोलायचा मेला," म्हणत त्या हसत हसत निघाल्या.

पॅसेजच्या तोंडाशी मी थांबलो, तो बाजाराच्या गल्लीशी थांबला होता तसा. आवाज खाली आणला, खिशावर थाप मारली. "आख्टुंग. ताशेनडीबं." सावधान, खिसेकापू.

त्यांना जर्मनचं अक्षर येत नाही, पण ती थाप कळली. हसू थांबलं. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट दाबलं, काहीतरी सरकवल्यासारखं केलं आणि हात थेट पर्समध्ये घातला. भीतीतली कामं हात परस्पर करून टाकतात, डोक्याला कळवत नाहीत.

"पर्समध्ये कशात टाकलीत, आई?"

त्या पॅसेजमध्येच खाली बसल्या. "मेतकुटाच्या डब्यात."

परक्या भाताला आधार म्हणून तो डबा प्रवासभर पर्समध्येच होता. परत आल्यापासून फडताळात तसाच पडून. ताटात ओतला. मुद्देमाल पिवळ्यात पिवळा.

"मिळाली ना? मग आता काही पाठवू नका," सासूबाई म्हणाल्या. "महिला मंडळात कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही."

बायकोही म्हणाली, "तक्रार गेली नाही की आपोआप मिटेल."

ठाण्यात हे खूपदा पाहिलंय. वस्तू घरात सापडली की फिर्यादी फिरकत नाही आणि संशयित गावात चोर म्हणूनच राहतो. त्यासाठी आमच्याकडे 'क समरी' असते. फिर्याद गैरसमजातून झाली, असं कागदावर.

"आई, तो माणूस घरी बसलाय," मी म्हटलं.

त्या बराच वेळ पाटलीवरचं मेतकूट पदराने पुसत राहिल्या. "मेतकूट लिहायलाच हवं का?"

"नुसतं 'डब्यात' लिहू."

"नको. सगळं लिहा. आणि हेही लिहा, त्याने हात धरला म्हणून मी पडले नाही."

बायकोने जर्मन केलं. 'मेतकूट' तेवढं तसंच ठेवलं. बाराच्या आत फॅक्स गेला.

नोकरीत मी मुद्देमाल मिळाला की फाइल बंद करायचो. पाटली परत आली तरी अजून एका माणसाचं काहीतरी परत करायचं राहिलेलं असतं, हे मी राजीनाम्यानंतर शिकलो.

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं. तुमचा माफीचा फॅक्स मिळाला. गाइड सोमवारपासून कामावर. सासूबाईंनी दुसरी ओळ पुन्हा वाचायला लावली.