गोधडीतला घास

“मंग मी काय सांगू त्यांना? आमच्याकडं गोधडीला जेवू घालतेत म्हणून?”

सर्जेराव ओसरीत उभे होते. पायाशी गोधडी पसरलेली होती आणि तिचा एक कोपरा उसवलेला होता. त्यातून निघालेला भाकरीचा तुकडा त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवला होता. तुकडा वाळून दगडासारखा झाला होता, वरची हळद काळपट पडली होती.

“सांगा की. तसंच हाय ते,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्या मेथी निवडत होत्या.

“गोधडी इकत नेलेल्या औरंगाबादच्या बाईला आसं सांगू? तिची सासू म्हणून राह्यली करणी केली. भाकर, वर हळद, वर लाल दोरा. एक लिंबू तेवढं ठेवलं असतंस तर मीच घर सोडून पळालो असतो.”

“लाल दोरा गोधडीचाच हाय. सगळी गोधडीच लाल दोऱ्यानं शिवलीय.”

दारात उभ्या असलेल्या बेबीनंदानं, त्यांच्या सुनेनं, पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं. मुलगा वसंता मात्र चिडलेला होता. गोधडी परत आणायला त्यालाच औरंगाबादला जावं लागलं होतं.

“हसू नको तू,” तो बायकोला म्हणाला. “त्या मॅडमनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली मला. ते बी गेटाबाहेर. पाणी इचारलं न्हाई. इथं आल्या तवा आईच्या गळ्यात हात टाकून फोटो काढल्ते त्यांनी.”

“फोटोचं सोड,” सर्जेराव म्हणाले. “रविवारी त्यांची अख्खी भिशी येणार हाय हुरड्याला. ते बोंबललं तर औरंगाबादहून कुणी येणार न्हाई. ऐक, वसंताची आई. आतल्या ढिगातल्या सगळ्या गोधड्यांचे कोपरे उसवायचे. जे काय कोंबलंय ते काढायचं आन परत शिवायचं. आज शुक्रवार हाय. जल्दी हात चालव.”

“न्हाई काढता येत.”

“कामून न्हाई येत? तूच घातलं ना?”

“पोटात घातलेला घास हाय. तो कसा काढायचा?”

सर्जेरावांनी मुलाकडं पाहिलं. ही बाई असं बोलते आणि हिच्या जिवावर मी धंदा मांडलाय, असं ते पाहणं होतं. मग ते वसंताचा मोबाईल घेऊन बाहेर पडले.

घास घालण्याची रीत द्वारकाबाईंनी आईकडून उचलली होती. मंठ्याजवळच्या त्यांच्या माहेरी सोनूबाई, म्हणजे त्यांची आई, उन्हाळ्यात अंगणात गोधडी अंथरून बसायची. चारही बाजूंनी टाके आत आत येत जायचे. शेवटी एक कोपरा उघडा राहायचा. त्यात ती त्या दिवशीच्या भाकरीचा हळद लावलेला एवढासा तुकडा सारायची आणि वर ठिगळ टाकून कोपरा बंद करायची. ज्याच्या अंगावर ही जाईल तो उपाशी झोपू नये, एवढंच ती सांगायची. जास्त कधी कुणी विचारलं नव्हतं. माहेरच्या प्रत्येक घरातल्या गोधडीत तसा घास होता आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

लग्न होऊन त्या हसनाबादला आल्या. एक्याऐंशीच्या सुमाराला सर्जेरावांना अंबडकडच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरी लागली आणि बिऱ्हाड कॉलनीत गेलं. तिथं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, नळ होता, काही वर्षांनी गॅस आला. शेजारच्या इंजिनियरांच्या बायकोनं द्वारकाबाईंना पाचवारी साडी नेसायला शिकवली. लुगडं सुटलं म्हणून त्या पहिल्या दिवशी घराबाहेर पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पडल्या. नंतर त्यांना पाचवारीचीच सवय झाली.

कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर कुणी साहेब मुक्कामाला आला आणि त्याला भाकरी-ठेचा खायची हुक्की आली की सर्जेराव डबा मागायचे. “आपल्या घरून पाठवतो साहेब,” असं ते तिथं सांगून यायचे आणि घरी येऊन सांगायचे, “साहेब लई खूश होते.” द्वारकाबाईंनी ते साहेब कधी पाहिले नाहीत. रिकामा डबा यायचा तो धुऊन ठेवायचा. सर्जेराव रिटायर झाले तेव्हा शाल-नारळाचा कार्यक्रम झाला. त्यांच्या मागे त्यांच्या सौभाग्यवती खंबीरपणे उभ्या राहिल्या, असं कुणीतरी भाषणात म्हणालं. सौभाग्यवती तेव्हा पडद्याआड चहा गाळत होत्या. टाळ्या वाजल्या तेवढ्या त्यांना ऐकू आल्या.

फंडाच्या पैशांतून हसनाबादच्या शेतात घर बांधलं. एक मोठी खोली, एक लहान खोली, सैपाकघर आणि ओसरी. मोठ्या खोलीला शहाबादी फरशी घातली. आता इथं निवांत राहायचं, असं सर्जेराव म्हणाले. दोन महिन्यांत त्यांना निवांतपणाचा कंटाळा आला. त्यांनी रस्त्यावर पाटी लावली: शेतावरचं जेवण, मुक्काम, हुरडा, अस्सल गावरान.

हसनाबादच्या शिवारात हुरड्याचे पैसे कुणी कुणाला मागितले नव्हते. थंडीत आगटी पेटली की बांधावरून जाणारा माणूस हक्कानं येऊन बसायचा. शेजारचा कचरू पाटी वाचून दुपारीच आला.

“सर्जेराव, हुरड्याला तिकीट लावलं म्हणं. बांधावर कंडक्टर बसवला का न्हाई आजून?”

“तुझा फुकटचा पास हाय,” सर्जेराव म्हणाले. “फक्त पाहुणे असल्यावर बनियनवर येत नको जाऊ.”

पण पाहुणे खरंच येऊ लागले. आधी जालन्याचे आले, मग औरंगाबादचे. पाहुण्यांना काय लागतं ते सर्जेरावांना बरोबर कळायचं. गॅसवरची भाकरी त्यांना नको असते, म्हणून अंगणात चूल घातली. द्वारकाबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितला होता. सर्जेरावांनी त्यांना काळा चष्मा आणून दिला. पण फोटोत काळा चष्मा बरा दिसत नाही म्हणून पाहुणे आल्यावर तो काढून ठेवायचा, असं ठरलं. पाचवारी चालेना, म्हणून मेलेल्या सासूची लुगडी ट्रंकेतून निघाली. मोठ्या खोलीची फरशी शहरी दिसते म्हणून तिच्यावर शेणमातीचा थर देऊन पाहिला. फरशीवर शेण धरेना, वाळलं की पापडासारखे पापुद्रे निघायचे आणि पाहुण्यांच्या पायांना चिकटायचे. तो थर द्वारकाबाईंनी दोन दिवस खरवडून काढला. मोठी खोली पाहुण्यांची झाली, लहान खोली वसंता आणि बेबीनंदाची. म्हातारा-म्हातारी ओसरीला पत्रे ठोकून तिथं झोपू लागली.

गोधड्यांचं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात पांघरायला कमी पडलं तेव्हा सर्जेरावांनी घरातल्या गोधड्या पाहुण्यांना दिल्या. सकाळी एक बाई त्यांतली एक विकत मागू लागली. सर्जेरावांनी ती दिली. ती द्वारकाबाईंच्या अंगावरची होती. त्यांना दुपारी वाळत घातलेली पांघरुणं काढताना कळलं. त्यांनी चादर घेतली. थंडी थोडी जास्त वाजली, बाकी काही झालं नाही.

मग विकायला म्हणून शिवणं सुरू झालं. शिवताना त्या शेवटच्या कोपऱ्यात घास घालत गेल्या. दिवसभरात कुणी मागितल्याशिवाय केलेली ती एवढी एकच गोष्ट होती. गोधडी कुणाच्या घरी जाणार, कोण पांघरणार, ते माहीत नसायचं. ज्या कुणाच्या अंगावर जाईल तो उपाशी झोपू नये, एवढं त्यांच्या मनात यायचं आणि कोपरा बंद व्हायचा.

मोबाईलला रेंज फक्त विहिरीपाशी यायची. द्वारकाबाई मेथी धुवायला हौदावर गेल्या तेव्हा सर्जेराव कठड्याला टेकून बोलत होते. त्यांची पाठ इकडं होती. पाहुण्यांशी बोलताना त्यांची भाषा बदलायची.

“हां मॅडम. नाही, नाही, तसं काही मनात आणू नका. आमच्याकडं कामाला एक म्हातारी बाई आहे. अगदी अडाणी. तिचे काहीतरी उद्योग. छे, आमच्या मिसेस नाहीत हो. त्या कॉलनीत राहिलेल्या आहेत, त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मीच लक्ष दिलं नाही, चूक माझी. तिला काढून टाकलं मॅडम. आजच काढलं. हो, रविवारी बिनधास्त या. अस्सल गावरान बेत आहे.”

द्वारकाबाईंनी मेथी दोनदा पाण्यातून काढली. माती खाली बसली. त्यांनी पाणी ओतून दिलं आणि त्या घरात आल्या.

सर्जेरावही आले, मोकळे होऊन. “झालं. बराबर पटवलं तिला,” ते म्हणाले. “आता तेवढे कोपरे उसवून टाका. बेबीनंदा, तू बी बस सासूसंगं.” ते आगटीसाठी गोवऱ्या बघायला गेले, वसंता जीप धुवायला.

बेबीनंदानं दाढीचं पातं आणलं. दोघी मोठ्या खोलीत ढिगापाशी बसल्या. वरची गोधडी द्वारकाबाईंनी मांडीवर ओढली, कोपरा चाचपला, पातं घातलं. टाका तुटला, मग दुसरा. हात चालत होता. कोपरा उघडला आणि घास तळहातावर आला. तो ताजा होता, नुसता कडक झालेला, हळद अजून पिवळी होती.

“कोंबड्यांना टाकू का, आत्याबाई?”

“राहू दे.”

बेबीनंदानं तुटलेले दोरे गोळा केले. “मामंजी फोनवर काय म्हणले ते तुम्ही ऐकलं का? मी परसात होते. मला ऐकू आलं.”

“ऐकलं.”

“वाईट वाटलं आसंल.”

“न्हाई,” द्वारकाबाई म्हणाल्या.

ते खरं होतं. त्यांनी स्वतःला तपासून पाहिलं. नवऱ्यानं आपल्याला कामवाली म्हटलं, हे मनात एकदा म्हणून पाहिलं. काही वाटलं नाही. लुगडं, चूल, डोळा, एकेक करून आठवलं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपलाच असतो, चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं झालं होतं. राग यायला हवा होता एवढं त्यांना समजत होतं. एका हातात घास होता आणि दुसरा हात पुढची गोधडी ओढायला पुढं झालेला होता. तो हात त्यांनी पाहिला. सांगितलं की तो उसवणार होता, सगळा ढीग उसवणार होता, रविवारी भाकरी थापणार होता आणि पुढच्या रविवारीही.

त्यांनी हात मागं घेतला.

“सुई दे,” त्या म्हणाल्या.

“आन बाकीच्या?”

“सुई दे आधी.”

घास परत कोपऱ्यात ठेवून त्यांनी तो बंद केला. लाल दोरा संपला होता, पांढऱ्यानं शिवलं. मग औरंगाबादहून परत आलेली गोधडी घेतली. तिच्यातला जुना तुकडा ओसरीत कागदावर पडून होता. तो आणला, आत सारला, तीही शिवली. बेबीनंदा पातं हातात धरून बघत राहिली.

“मामंजी मला बोलतील,” ती म्हणाली.

“तुला कामून बोलतील? तू काय केलं?”

“काहीच न्हाई केलं. त्याच्यावरूनच बोलतेत ते.”

द्वारकाबाईंना थोडं हसू आल्यासारखं झालं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. त्यांनी ओसरीतलं आपलं अंथरूण गुंडाळून मोठ्या खोलीत आणलं. भिंतीवर पाहुण्यांसाठी अडकवलेलं सूप आणि टोपलं काढून बाहेर ठेवलं. खुंटीवरचं सासूचं लुगडं घडी घालून ट्रंकेत टाकलं. मग दिवेलागणीला गॅस पेटवला, मेथीची भाजी केली, भाकरी केल्या, ताटं वाढली.

सर्जेराव जेवायला बसले. अर्धी भाकरी झाल्यावर त्यांना आठवलं.

“झाले का कोपरे?”

“न्हाई. एक उसवला होता, तो परत शिवला.”

सर्जेरावांचा हात ताटात थांबला. वसंतानं बायकोकडं पाहिलं. बेबीनंदा खाली बघून जेवत होती.

“म्हणजे? रविवारी मी त्या बायांना काय दाखवू?”

“ते तुम्ही बघा,” द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, मीठ हवं का विचारतात तसा. “तुम्ही मॅडमला सांगितलं की त्या बाईला काढून टाकलं. मी हौदावर होते, ऐकलं. काढलं तर काढलं. ती आता यायची न्हाई. अंगणातली चूल, हुरड्याच्या चटण्या, लुगडं नेसून फोटोला बसायचं, सगळं तिच्याकडंच होतं. तुम्ही दुसरी बाई बघा.”

“आगं, ते बोलायचं म्हणून बोललो. धंद्यात आसं बोलावं लागतं.”

“बोलले ना. मंग तसंच करा.”

“आई, परवावर आलंय सगळं,” वसंता म्हणाला. “आता ऐन वक्ताला कोण बाई भेटंल?”

“भेटंल न्हाईतर न्हाई भेटणार. बेबीनंदाला धरायचं आसंल तर आधी तिला इचारा.”

बेबीनंदानं मान वर केली नाही. सर्जेरावांनी ताट थोडं पुढं सारलं. “आन गोधड्या?” त्यांनी विचारलं.

“गोधड्या विकायच्या न्हाईत. एक बी न्हाई. मोठ्या खोलीत ठेवल्यात, माझं अंथरूण बी तिथं नेलंय. ती खोली आजपासून पाहुण्यांना न्हाई. घरच्यांपुरता सैपाक मी करीन, गॅसवर. पाहुण्यांचा न्हाई.”

त्यांनी ताटातली उरलेली भाजी भाकरीला लावली आणि त्या जेवू लागल्या.