करंगळी

मास्तर वाजवताना मधूनच उजव्या हाताची करंगळी वर धरायचे. शाळेत करंगळी वर केली की काय अर्थ होतो, ते तुम्हाला सांगायला नको. तालमीत कोणीतरी हमखास म्हणायचं, "मास्तर, जाऊन या, आम्ही थांबतो." तेही हसायचे, पण करंगळी काही खाली यायची नाही.

आमचा वाद्यवृंद हौशी. दिवसा मी बँकेत, मास्तर सरकारी कचेरीत कारकून. संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. मास्तरांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मास्तर आधी अॅकॉर्डियन आणि नंतर कीबोर्ड वाजवू लागले. बसण्याआधी प्रत्येक गायकाकडे जाऊन विचारायचे, "ताई, आज गळा काय म्हणतोय?" आम्ही काहीतरी उडवून लावायचो. ते मात्र मान हलवून, ऐकून घेऊन जागेवर जायचे.

मग आमच्या संचालकांचे सॉफ्टवेअरमधले जावई सिंगापूरहून नवा कीबोर्ड घेऊन आले. कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम. त्यातला कोणता खाली ठेवायचा आणि कोणता वर, हे वाजवणारा ठरवतो. या कीबोर्डवर एक बटण होतं. ते दाबलं की एका बोटावरही पुरी कॉर्ड वाजायची आणि सुरांची मांडणी यंत्र आपली आपणच बदलायचं, मागच्या कॉर्डला जवळ पडेल अशी. ऐकायला गुळगुळीत. आम्ही सगळे खूश झालो, हेही कबूल करते.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

"अहो, एवढी सोय आहे!" संचालक म्हणाले.

"सोय कुणाची? न विचारता जागा बदलतो हा."

"मास्तर, यंत्र आहे ते. विचारणार कुणाला?"

"तेच म्हणतोय मी."

दोन महिन्यांत संचालकांनी चिकटपट्टी काढली आणि एका बोटाने स्वतःच वाजवायला लागले. मास्तरांना सगळ्यांसमोर म्हणाले, "आपण आता जरा विश्रांती घ्या. हल्ली आपोआप होतं सगळं." वीस वर्षं वाजवलेल्या माणसाला हे वाक्य! आणि आम्ही? कुणी वह्या चाळत होतं, कुणी पाणी पीत होतं. मला पुढच्या कार्यक्रमात तीन गाणी होती, म्हणून मी गप्प बसले. माझा संताप संचालकांवर आहे, पण पहिला माझ्यावर आहे.

मास्तरांनी चष्मा खिशात ठेवला आणि "बरंय" म्हणून निघून गेले.

त्या कार्यक्रमाला ते तिकीट काढून आले. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. माझ्या गाण्यात एक वरचा सूर बराच वेळ धरायचा होता. इतकी वर्षं मी तो धरत होते, टाळ्या घेत होते. त्या दिवशी मी सूर लावला आणि यंत्राने कॉर्डची मांडणी बदलून आपला वरचा सूर नेमका माझ्या सुराला आणून चिकटवला. माझा सूर केसभर उतरतो, हे साऱ्या नाट्यगृहाला कळलं. मलाही तेव्हाच कळलं. मागून कुणीतरी पुणेरी खोकला काढला.

मी खाली बघितलं. मास्तरांचा उजवा हात गुडघ्यावर होता. दोन बोटं दाबलेली, करंगळी वर.

वरचा सूर करंगळीचा. माझी जागा आली की ते तो सोडून द्यायचे, म्हणजे माझा उतरलेला सूर कशाच्या शेजारी उघडा पडायचा नाही. वीस वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही त्यांनी.

पडदा पडल्यावर संचालक म्हणाले, "ताई, आज गळा बसला होता वाटतं तुमचा."

"आधी विचारलंत का?" मी एवढ्या जोरात ओरडले की तबलेवाले दचकले. "मास्तर रोज विचारायचे! बंद करा ते बटण, नाहीतर मी गाणार नाही."

"आपली मर्जी," ते म्हणाले. पुढच्या कार्यक्रमात माझी तिन्ही गाणी दुसरीला गेली. हे तोंड मला मास्तरांना काढलं त्या दिवशीच फुटायला हवं होतं.

त्या रात्री मी धावत खाली गेले तोवर कडेची खुर्ची रिकामी होती. कोथरूडला त्यांच्या घरी जायचं म्हणत राहिले. लाज वाटत होती, म्हणून रविवारमागून रविवार टाळले. शेवटी मी गेले ते मास्तर वारल्यावरच.

मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, चहा दिला. म्हणाल्या, "शेवटी अंथरुणावर पडूनसुद्धा चादरीवर बोटं चालायची. करंगळी तेवढी टेकवायचे नाहीत. मला वाटलं, दुखत असेल. विचारलं, तर म्हणाले, 'ती जागा ताईंची आहे.'"

त्यांची जागा गेली, तेव्हा मी पाच पावलांवर उभी होते.